उसन्या गाठी

माझ्या मेंदूतल्या तळगाठी मी शेजारच्या डांगे पेंटरना उसन्या दिल्या, तेव्हा आमच्या दोन घरांमधली भिंत सामाईक असल्याची आधी खात्री करून घेण्यात आली. हा नियम योग्यच आहे. साखर किंवा शिडी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला दिली तरी परत येते. तळगाठी कोमट मिठाच्या पाण्यात फार वेळ टिकत नाहीत, आणि आपल्याकडे रस्त्यात कोणी ओळखीचं भेटलं की माणूस हातातलं सामान विसरून बोलत उभा राहतो.

मी वत्सला पिसाळ. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त आहे. कऱ्हाडला बैठ्या घरांच्या एका ओळीत एकटी राहते. सगळी नोकरी लोकांच्या कोपरांचे धक्के खाण्यात गेल्यामुळे मला एकटं राहणं मानवतं. भिंतीपलीकडे रघुवीर डांगे राहतात. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्यांचा धंदा. त्यांची मुलगी रेवती दुचाक्या दुरुस्त करते आणि तिच्या नखांतलं ऑईल कधी निघत नाही.

डांगे पेंटरना कंपवात झाला. हात थरथरायचा, ते त्यांनी एक वेळ चालवून घेतलं असतं. पण त्यांची अक्षरं लहान होऊ लागली. पाटीची सुरुवात झोकात व्हायची आणि पुढे अक्षरागणिक आकार घसरायचा. एका गिरणीची पाटी त्यांनी रंगवली, ‘सर्व प्रकारचे दळण दळून मिळेल’. त्यातलं ‘सर्व’ रस्त्यापलीकडून वाचता येत होतं आणि ‘मिळेल’ मुंगीएवढं झालं होतं. गिरणीवाला म्हणाला, एवढ्याशा ‘मिळेल’वर गिऱ्हाइकानं भरवसा कसा ठेवायचा? त्याचं म्हणणं बरोबर होतं. पेंटरनी ती पाटी स्वतःच पांढऱ्या रंगाने पुसली, ब्रश धुतले आणि माळ्यावर टाकले.

दुसरी अडचण उंबरठ्याची. मोकळ्या रस्त्यावर ते हळूहळू का होईना चालायचे, पण दार आलं की पाय जमिनीला चिकटायचे. एकदा सकाळी दुधाची पिशवी हातात घेऊन ते स्वतःच्याच दारात उभे होते.

“काय पेंटर, आत जायचं नाही का?” मी विचारलं.

“निघालोय,” ते म्हणाले.

“कधी?”

“मगाशीच.”

उन्हाने दूध तापायला लागलं तरी ते तिथेच होते. रेवती अशा वेळी टाळ्या वाजवून ‘एक, दोन’ म्हणायची. डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. त्यावर पेंटर भडकायचे, “मी काय शाळेतल्या कवायतीत उभा हाय का?” आणि आणखी घट्ट चिकटायचे.

अशात रेवतीने स्टँडच्या मागे स्वतःचं गॅरेज काढायचं ठरवलं. दसऱ्याला उद्घाटन. ती फ्लेक्सचा नमुना घेऊन घरी आली. पेंटरनी तो उलटा-सुलटा करून पाहिला, घडी घातली आणि तिच्याच हातात परत दिला. भिंत पातळ असल्यामुळे पुढचं सगळं मला ऐकू आलं.

“माझ्या पोरीच्या दुकानावर छापलेलं कापड लागणार न्हाई. पाटी मी रंगवणार. आणि दसऱ्याला आत माझ्या पायानं येणार. मला धरून न्यायचं न्हाई कुणी.”

“बाबा, कसं जमायचं ते?”

“ते माझं मी बघतो.”

त्यानंतर रोज दुपारी पलीकडून ब्रश पडल्याचा आवाज येऊ लागला. ब्रश पडे, मग पुष्कळ वेळाने उचलला जाई, मग पुन्हा पडे. माणूस हट्टी होता हे मला पहिल्यापासून माहीत होतं. मीही कमी नाही. बंद पडलेल्या गाडीत बसून राहण्याचा मला नोकरीभर राग होता. एका दुपारी मी पदर खोचला, पलीकडे गेले आणि म्हणाले, “पेंटर, माझ्या गाठी घ्या थोडे दिवस. मला दुपारी तसंही काही काम नसतं.”

त्यांनी तीन वेळा नको म्हटलं, आणि चौथ्यांदा, “चहा टाक गं रेवती,” असं म्हटलं.

इस्पितळात उसनवारीची खिडकी तळमजल्यावर आहे. आत बसलेल्या गृहस्थांनी आधी भिंतीचं विचारलं आणि मग माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

“गाठींमध्ये सवयी कोणत्या आहेत ते सांगा. घेणाऱ्याची नंतर तक्रार चालणार नाही.”

“उठताना पदर खोचते.”

“पुढे.”

“चालत्या गाडीत न धरता उभी राहते. तिकीट फाडताना अंगठा ओला करते. डबल बेल देते. ‘पुढं चला, पुढं जागा आहे’ म्हणते.”

“जागा असते का?”

“नसते.”

त्यांनी पेंटरना विचारलं, “मान्य आहे?” पेंटर मान्य म्हणाले.

डॉक्टर आफळेबाईंनी मग आम्हाला आत बसवून सगळं समजावून सांगितलं. त्या मेंदूच्या डॉक्टर असूनही साधं बोलतात. भाताची मूद उलटी करावी तसा त्यांनी मेंदूचा एक प्लास्टिकचा नमुना टेबलावर ठेवला आणि उघडला. आत खोलवर, दोन्ही बाजूंना सारख्या, गाठींची एकेक जुडी होती. एक गाठ शेपटीवाली. तिच्या बाजूला शिंपल्यासारखी दुसरी. तिच्या आतल्या अंगाला एक फिका गोळा. खाली मसुराच्या दाण्यासारखी एक लहानगी, आणि तिच्याही खाली, मेंदूच्या देठात, एक काळपट पट्टी.

“गाडी चालवणारा वर, मेंदूच्या सालीत असतो,” डॉक्टर म्हणाल्या. “कुठे जायचं ते तो ठरवतो. पण हा फिका गोळा म्हणजे ब्रेक आहे आणि तो कायम दाबलेला असतो. माणूस नुसता बसलेला दिसतो, तेव्हाही त्याच्या शेकडो हालचाली निघायच्या तयारीत असतात. हा गोळा सगळ्यांना धरून ठेवतो. बाकीच्या गाठी काय करतात, तर एका वेळी एका हालचालीपुरता तो ब्रेक सैल करतात. ती हालचाल सुटते, बाकीच्या तिथेच राहतात.”

“डबल बेल,” मी म्हणाले.

डॉक्टरांनी खालच्या दाण्याकडे बोट केलं. “हो. आणि ही मसुराएवढी गाठ ब्रेक एकदम करकचून लावते.”

“सिंगल बेल. म्हणजे या गाठी कंडक्टर आहेत.”

“आमच्या पुस्तकात असं लिहिलेलं नाही,” त्या म्हणाल्या, “पण हरकत नाही. ही काळी पट्टी त्या कंडक्टरला हुरूप देते. हुरूप नसला तर बेल वाजत नाही, ड्रायव्हर स्टिअरिंग धरून बसून राहतो. डांगे, तुमच्या पट्टीतला काळा उडालाय.”

 पेंटर पुढे वाकले. “काळा उडत न्हाई डॉक्टर. लाल उडतो. निळा उडतो. काळा उन्हात शेवटपर्यंत राहतो.”

“इथला उडतो.”

“परत भरता येतो?”

“नाही.”

पेंटरनी त्या नमुन्यातल्या पट्टीवर बोट ठेवलं. नमुन्यातली पट्टी चांगली गडद होती. मला तेव्हा त्यांच्याकडे पाहवलं नाही, म्हणून मी डॉक्टरांना कामाचं विचारलं, माझं काय होईल म्हणून.

“फिका गोळा आम्ही काढत नाही. ब्रेक काढला तर हातपाय वाटेल तसे उडतील. त्यामुळे ब्रेक तुमच्यात राहील, आणि तो सोडणारं कोणी नसेल. तुम्हाला दिसेल, ऐकू येईल, सगळं कळेल. फक्त काही सुरू करता येणार नाही. डांग्यांच्या गाठी बदली म्हणून बसवता येतील, पण मग तुम्हीही थरथराल. त्यापेक्षा स्वस्थ बसलेलं बरं.”

गाठी काढण्याचं आणि बसवण्याचं काम डॉक्टरांनी रेवतीला शिकवलं. कानामागची फट अलगद उघडायची आणि बोट वळवून ओढायचं. कार्बोरेटर खोलायचा सराव असल्यामुळे रेवतीला ते लगेच जमलं. डॉक्टर म्हणाल्या, “हात धुऊन घे.” रेवती म्हणाली, “धुतलेत, ते असेच दिसतात.”

पहिल्या दुपारी मी खिडकीशी खुर्चीत बसले. रेवतीने माझ्या गाठी काढून माझ्याच कडीच्या डब्यात ठेवल्या आणि ती पलीकडे गेली. पेंटरच्या जुन्या गाठी काढून तिने वाटीत ठेवल्या आणि मांजर लागू नये म्हणून वर ताटली झाकली.

मला पाणी प्यावंसं वाटलं. तांब्या हाताशी होता. हात उचलायचा हे मला पक्कं ठाऊक होतं, कसा उचलायचा तेही ठाऊक होतं, आणि हात मांडीवर होता. तो जड नव्हता, दुखतही नव्हता. फक्त निघत नव्हता. कपाळावर माशी बसली. तिचं काय करायचं ते मी सविस्तर ठरवलं आणि माशी आपल्या सोयीने उडाली. मला भीती वाटली, चांगलीच वाटली. भर घाटात रात्रीच्या गाडीतही मला कधी एवढी भीती वाटली नव्हती. डब्याला झाकण घट्ट लागलं असेल ना, एवढा एकच विचार डोक्यात फिरत राहिला.

तेवढ्यात अंगणात पावलं वाजली. डांगे पेंटर माझ्या खिडकीसमोरून ताठ मानेने चालत गेले. जाताना त्यांनी कमरेशी नसलेला पदर खोचला. दोन्ही पाय फाकवून, चालत्या गाडीत उभं राहिल्यासारखे ते चालत होते. माझ्या दाराशी येऊन त्यांनी हात वर केला, हवेतली दोरी दोनदा ओढली आणि उंबरठा ओलांडून आत आले.

“बाई,” ते म्हणाले, “आलो की हो.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्यांना ‘बसा’ म्हणायचं होतं. त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं आणि समोरच्या स्टुलावर स्वतःच बसले.

“बसा म्हणताय न्हवं? निघालंय का न्हाई अजून? असू द्या. येईल सावकाश.”

गाठी परत बसल्यावर मी आधी तांब्याभर पाणी प्याले. मग पलीकडे जाऊन म्हणाले, “मगाशी निघालोय म्हणजे काय, ते कळलं मला.”

“कळलं न्हवं?” पेंटर म्हणाले, आणि त्या दिवसापासून आमचं शेजारपण बदललं.

चालण्याचा प्रश्न असा पहिल्याच दिवशी सुटला. पाटीचा सुटला नाही. पेंटरनी फळ्यावर ‘रेवती’ लिहायला घेतलं. हात थरथरला नाही, आकार घसरला नाही, पण अक्षर माझं आलं. घाईचं, उजवीकडे कललेलं, जागा वाचवून लिहिलेलं. ब्रश ते तिकीट पंच करायच्या पकडीसारखा धरत होते आणि रंगात बुडवण्याआधी अंगठा जिभेला लावत होते. त्यांनी फळ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “हात माझा आणि अक्षर कंडक्टरचं. हे माझ्या पोरीच्या दुकानावर लागणार न्हाई.”

डॉक्टरना विचारलं. त्या म्हणाल्या, “अक्षराची सवय त्यांच्या जुन्या गाठींत आहे. तुमच्या गाठींना ती नाही. घोटून घ्यावी लागेल. गाठी सांगून शिकत नाहीत, करून शिकतात, आणि फार हळू.”

“दसऱ्यापर्यंत होईल?”

“सांगता येत नाही.”

“मग न विचारलेलं बरं,” पेंटर म्हणाले, आणि घोटायला लागले.

रोज दुपारी मी खुर्चीत आणि ते फळ्यासमोर. रेवतीने माझी खुर्ची त्यांच्या दारासमोर ओढून ठेवायला सुरुवात केली, म्हणजे मला निदान बघायला मिळावं. ते ‘र’ काढत, पुसत, पुन्हा काढत. ‘र’चा पाय शेवटी बारीक निमुळता करून सोडायची त्यांची पद्धत होती, ती येईना. ते चिडत, मला उद्देशून माझ्याच गाठींना बोल लावत, “बाई, तुमच्या गाठींना नुसतं सुटायची घाई. वळणावर जरा दम धरा की!” मी काहीच बोलू शकत नसे, ही त्यांची मोठीच सोय होती. दिवस संपवताना फळा कितीही बिघडलेला असो, ते उजव्या कोपऱ्यात ‘रघुवीर’ अशी सही करत आणि तिच्याखाली लांब शेपटी ओढत. सही झाली की काम संपलं, हा त्यांचा शिरस्ता होता.

मग एक चूक झाली, आणि ती आपल्याकडेच होऊ शकते. उसना आणलेला डबा रिकामा परत द्यायचा नाही, ही आपली रीत. पेंटरनी सही केली आणि गाठी काढण्याआधीच माझ्या डब्यातल्या पाण्यात मूठभर साखर घातली.

रेवतीने झाकण उघडलं आणि कपाळावर हात मारला. “बाबा, डबा रिकामा कुठे होता? आत गाठी होत्या!”

“गाठी त्यांच्याच होत्या,” पलीकडून पेंटर सावकाश म्हणाले. त्यांच्या जुन्या गाठी बसल्या होत्या, त्यामुळे एकेक शब्द वेळ घेत होता. “त्यांचंच त्यांना देणं म्हणजे... रिकामाच डबा देणं.”

यात खोट काढता येईना. साखर एव्हाना विरघळली होती. रेवतीने गाठी तशाच बसवल्या. संध्याकाळी मी कणीक मळायला घेतली, तर परातीतल्या पिठावर माझ्या बोटाने ‘र’ काढला. त्याचा पाय शेवटी निमुळता झाला होता.

आफळेबाईंनी हे फार गांभीर्याने घेतलं. “साखर कधी घातली? काय केल्याबरोबर?”

“सही केल्याबरोबर.”

“गोडाचं आणि या गाठींचं जवळचं नातं आहे. जे केल्यावर गोड मिळतं, ते त्या पुन्हा करतात. जे गोडाच्या अगदी जवळ असतं, ते सगळ्यात पक्कं बसतं. असं करायला मी सांगितलं नसतं.”

“रिकामा डबा मी देणार न्हाई,” पेंटर म्हणाले.

डॉक्टरांनी थोडा विचार केला. “मग निदान अक्षर चांगलं आलं असेल तेव्हाच घाला.”

पण अक्षर वाईट आलेल्या दिवशीही डबा परत द्यायचा असतोच. तेव्हा साखर रोज पडत राहिली, आणि पाटी घोटली जात राहिली. माझ्या घरात डावाने आमटी ढवळताना वेलांट्या निघू लागल्या. भाजीवाल्याच्या पाटीवर ‘कांदा’ वाकडा लिहिलेला पाहून मला अस्वस्थ वाटू लागलं. जुन्या सवयी कुठे गेल्या नाहीत, पदर खोचला जात होताच. पण त्यांच्या शेजारी हे नवं येऊन बसलं होतं. फळ्यावर आता रोज ‘रेवती गॅरेज’ उमटत होतं, आणि खाली ‘येथे दुचाकी दुरुस्त करून मिळेल’. ‘मिळेल’ अजून थोडं हडबडायचं. बाकी पाटी डांगे पेंटरची होती.

दसरा तोंडावर आला असताना एका दुपारी पेंटरनी डबा मागायला रेवतीला पाठवलंच नाही. मी वाट पाहिली. मग दारात खुडबुड ऐकून बाहेर आले, तर ते माझ्या उंबरठ्याबाहेर उभे होते, जुन्या गाठींवर, काठी टेकून, चिकटलेले.

“कधी निघालात?” मी विचारलं.

“झाला वेळ,” ते म्हणाले. “आजपासून... डबा नको.”

“म्हणजे?”

“पाणी बघितलंत का... डब्यातलं?”

पाणी मी पाहिलं होतं. जरा करडं दिसायचं. स्टीलचा डबा जुना आहे म्हणून असेल असं मला वाटलं होतं.

“जन्मभर ब्रश धुतले मी,” ते म्हणाले. “पाण्यात उतरलेला काळा... मला कळत न्हाई होय? दर खेपेला उतरतोय. तुमचा काळा.”

“उतरू दे. माझ्याकडे भरपूर आहे.”

“मलापण... भरपूर वाटायचा.”

“अहो, पाटी एका दिवसाची राहिली! एवढ्यावर आणून गाडी उभी करता होय?”

“हो.”

मी भांडले. स्टँडवर ऐकू जाईल एवढ्या आवाजात भांडले. त्यांना बोलायला वेळ लागत होता, त्यामुळे माझी दहा वाक्यं झाली की त्यांचं एक यायचं, आणि दर वेळी ते ‘नको’ असायचं. आपल्याच चांगल्यासाठी समोरचा माणूस अडून बसला की त्याचा राग येतो आणि त्याच्याबद्दल मायाही वाटते. मला दोन्ही एकाच वेळी झालं आणि मी दारातच रडले. रेवतीने आम्हाला दोघांना इस्पितळात नेलं. आफळेबाईंनी माझी पट्टी तपासली. गेलेला रंग थोडा होता आणि राहिलेला मला पुरेसा होता, पण गेलेला परत येणार नव्हता. उसनवारी त्या दिवशी बंद झाली.

रिक्षाने परत आलो. घराशी आल्यावर रेवती हळूच म्हणाली, “बाबा, फ्लेक्सवाल्याला सांगते. एकच वर्ष लावू.”

पेंटर खाली बघत राहिले. त्यांचा अंगठा आणि बोट आपोआप एकमेकांवर घासत होतं, अदृश्य गोळी वळत असल्यासारखं.

“रेवती,” मी म्हणाले, “तुझ्या बाबांची अक्षरं आता कुठे आहेत?”

“तुमच्या गाठींत, मावशी.”

“आणि गाठी कुठे आहेत?”

रेवतीने माझ्याकडे पाहिलं. पेंटरनीही मान वर केली. त्याला वेळ लागला, पण केली.

“बाई,” ते म्हणाले, “तुम्ही जन्मात... ब्रश धरलाय का?”

“मी नाही धरला. माझ्या गाठींनी रोज धरलाय. शिडी कुठंय?”

दसऱ्याच्या सकाळी गॅरेजच्या शटरच्या वरच्या भिंतीवर पांढरा पट्टा मारून तयार होता. रेवतीने पान्यांना आणि जॅकला झेंडूची फुलं वाहिली होती. मी पदर खोचला आणि शिडी चढले. चालत्या गाडीत उभं राहायची सवय असलेल्या बाईला शिडी म्हणजे काहीच नाही. ब्रश हातात घेतला आणि पट्ट्याकडे पाहिलं, तर हात थांबला. ‘र’ कसा काढतात ते मला येत नव्हतं.

“बघू नका!” खालून पेंटर ओरडले. त्यांना खुर्चीत बसवलं होतं. “दुसरीकडं... बघा!”

मी स्टँडकडे पाहिलं. पाटणची गाडी लागली होती आणि दारात नेहमीची रेटारेटी चालली होती. कंडक्टर नवी मुलगी होती; खिडकीतून आत टाकलेले रुमाल ती एकेक करून बाहेर काढत होती, ते मला आवडलं. तिच्याकडे बघता बघता ब्रश रंगात बुडाला, कडेला निथळला आणि चालू लागला. मला मनगटात वळण जाणवत होतं, दम धरणं जाणवत होतं. मी मान वळवली नाही. पाटणची गाडी भरून निघून गेली तेव्हा हात थांबला.

मग मी पाहिलं. ‘रेवती गॅरेज. येथे दुचाकी दुरुस्त करून मिळेल.’ ‘मिळेल’ अगदी ‘येथे’एवढं होतं, तसूभरही कमी नाही. खाली पेंटर तेवढ्या एका शब्दाकडे बघत होते, आणि त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. ते त्यांनी पुसलं नाही. माझेही डोळे भरून आले.

काम झालं म्हणून मी ब्रश ठेवायला गेले, पण हाताचं संपलं नव्हतं. तो उजव्या कोपऱ्यात गेला, त्याने ‘रघुवीर’ अशी सही केली आणि खाली लांब शेपटी ओढली. साखर रोज सहीनंतरच पडली होती, त्यामुळे सगळ्यात ठसठशीत तीच आली. मी हाताला अडवलं नाही.

गुरुजी आत येऊन बसले होते. रेवती शटरच्या आत नारळ घेऊन उभी होती. पेंटर खुर्चीतून उठले, कोणाला धरू दिलं नाही, काठी टेकत शटरपर्यंत आले. शटर जमिनीवर टेकतं तिथे लोखंडी पट्टी आहे. तिच्याशी आल्यावर त्यांचे पाय चिकटले.

मागे गल्लीतली माणसं जमली होती, ती थांबली. कोणी म्हणालं, “धरा त्यांना.” रेवतीने पटकन हात वर करून त्याला अडवलं. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. नारळावरच्या तिच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती.

“या बाबा,” ती म्हणाली.

“निघालोय,” पेंटर म्हणाले.

मी शिडीवर त्यांच्या डोक्यावरच होते. वरून मला त्यांचं टक्कल दिसत होतं आणि त्या पट्टीच्या अलीकडे उभी असलेली त्यांची पावलं. एवढा घोटून घोटून आणलेला माणूस वीतभर लोखंडापाशी उभा होता. त्या लोखंडाचा मला मनापासून संताप आला. माझा उजवा हात वर गेला. तिथे दोरी नव्हती. मी ती दोनदा ओढली आणि तोंडाने खणखणीत आवाज दिला, “टण् टण्!”

पेंटरचा डावा पाय उचलला आणि पलीकडे पडला. मग उजवा. ते पाय जरा फाकवून, गाडी हलत असल्यासारखे, तीन पावलं आत गेले, रेवतीच्या समोर उभे राहिले आणि तिच्या हातातून नारळ घेतला.

दारात गर्दी अडली होती. पाटी बघायला माणसं तिथेच माना वर करून थांबली होती आणि मागच्यांना आत येता येत नव्हतं. पेंटर मागे वळले. त्यांच्या डोक्यात तेव्हा त्यांच्या स्वतःच्या, काळा उडालेल्या गाठी होत्या, माझं काहीच नव्हतं. ते न अडखळता, एका दमात म्हणाले, “पुढं चला, पुढं जागा आहे.”

जागा नव्हती. माणसं पुढे सरकली, आणि मी शिडीवरून खाली उतरले.